रिपोर्टात पिशवी दिसते, दुखणं दिसत नाही

बायकांच्या दुखण्याचा विषय निघाला की बारामती-इंदापूर पट्ट्यात एक वाक्य हमखास येतं: एकदा सोनोग्राफी करून घ्या, म्हणजे काय ते कळेल. भिगवण रोडवरच्या दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक हे म्हणतात, आरोग्य शिबिराच्या फलकावर ते मोठ्या अक्षरांत असतं, आणि शिबिराचं उद्घाटन करायला आलेले पुढारीही तेच सांगून जातात. पुढची मागणी याच वाक्यातून निघते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफी हवी, तालुक्याला एमआरआय हवं, आणि रिपोर्ट वाचायला माणूस मिळत नसेल तर आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहेच. मागणी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण या सगळ्याच्या मुळाशी एक न तपासलेली समजूत आहे: यंत्राला जे दिसतं तो आजार, आणि यंत्राला दिसलं नाही तर आजार नाही. स्त्रीरोगांच्या बाबतीत ही समजूत दोन्ही टोकांना चुकते. आजार नसताना तो असल्याचा शिक्का बसतो, आणि आजार असताना "सगळं नॉर्मल आहे" म्हणून बाईला घरी धाडलं जातं. हे यंत्र बिघडल्यामुळे किंवा तंत्रज्ञ कच्चा असल्यामुळे होतं असंही नाही. उत्तम यंत्र आणि तयारीचा सोनोलॉजिस्ट असतानाही हेच घडतं, कारण चित्रात आकार दिसतो. आजार ठरतो तो तक्रार, तपासणी, जंतू आणि पेशी यांच्यावरून.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक रिपोर्टच समोर घेऊ. तो कुणा एकीचा नाही, अशा कागदांवर नेहमी येणाऱ्या ओळी एकत्र केल्या आहेत. बत्तीस वर्षांची बाई, दोन-तीन बाळंतपणं झालेली, तक्रार कंबरदुखीची आणि अंगावरून पांढरं जाण्याची. कागद म्हणतो: गर्भाशय बल्की, लांबी साडेनऊ सेंटिमीटर. आतलं अस्तर बारा मिलिमीटर. गर्भाशयाच्या मुखाशी नेबोथियन सिस्ट. उजव्या बाजूच्या बीजांडकोशात २.८ सेंटिमीटरची साधी सिस्ट. गर्भाशयामागे किंचित पाणी. निष्कर्ष: बल्की युटेरस, ओव्हेरियन सिस्ट, पीआयडीची (ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाची) शक्यता. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा हा कागद आहे, आणि यातली एकही ओळ आजार सिद्ध करत नाही. मूल न झालेल्या बाईची पिशवी साधारण साडेसात सेंटिमीटर लांब असते. बाळंतपणांनंतर ती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरने वाढते आणि तशीच राहते, म्हणजे साडेनऊ हे या बाईचं नेहमीचं माप असू शकतं. अस्तर पाळी संपताना दोन-चार मिलिमीटर असतं आणि पुढच्या पाळीच्या तोंडावर सोळापर्यंत जातं, त्यामुळे पाळीचा कितवा दिवस हे विचारल्याशिवाय बारा या आकड्याला काही अर्थ नाही. नेबोथियन सिस्ट म्हणजे तोंड बुजलेल्या श्लेष्मग्रंथी. बाळंतपणं झालेल्या बायकांत त्या सर्रास दिसतात, त्या ना जंतुसंसर्ग असतात ना कॅन्सर. बीजांडकोशात तर दर महिन्याला बीजाचा फुगा वाढून दोन-अडीच सेंटिमीटरचा होतो आणि फुटतो, मागचं किंचित पाणी बहुधा त्याचंच. पाळी चालू असलेल्या बाईची पाच सेंटिमीटरपेक्षा लहान साधी सिस्ट पुन्हा तपासायलाही बोलावू नये, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शिका सांगते. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते, "क्लिनिकली कोरिलेट करावे". म्हणजे बाईला तपासा, तिची हकिकत ऐका आणि मग या कागदाचा अर्थ लावा. रिपोर्ट लिहिणाऱ्याने आपली मर्यादा प्रामाणिकपणे लिहून दिलेली असते. ती वाचायला कुणी थांबत नाही एवढंच.

हाच प्रकार वेगळ्या वयात बारामतीच्या कॉलेजांभोवती चालतो. विद्या प्रतिष्ठान, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय अशा संस्थांमुळे हजारो मुली गावाबाहेर राहून शिकतात. पाळी महिनाभर पुढे गेली की सोनोग्राफी होते, "पीसीओडी" असा शेरा मिळतो, आणि लग्नाच्या बाजारात तो शेरा लपवायची जबाबदारी आईवर येते. या विकाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, कारण त्या वयात बीजांडकोशात पुष्कळ बारीक फुगे दिसणं हेच नेहमीचं असतं. तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला हे एकविसाव्या वर्षापर्यंत लागू आहे, म्हणजे तिची पदवी हातात पडेपर्यंत.

शेऱ्याने नुसती काळजी लागते तोवर ठीक म्हणता येईल. पण काही बायकांच्या बाबतीत तो थेट ऑपरेशनच्या टेबलावर नेतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, या कारखान्यांचे गाळप हंगाम ज्यांच्या हातावर चालतात त्या टोळ्यांत बीड जिल्ह्यातल्या बायका मोठ्या संख्येने असतात. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन आलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उन्हाळा लागेपर्यंत कोपीत राहतो. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला तेव्हा राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळपास दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांमध्ये देशभराचं हेच प्रमाण साधारण तीन टक्के आहे. वयोगट तंतोतंत जुळत नसले, तरी फरक नजरेआड करण्याजोगा नाही. या बायकांनी पत्रकारांना आणि कार्यकर्त्यांना सांगितलेल्या हकिकतींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते: पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. हे त्यांना कुठल्या आधारावर सांगितलं गेलं? गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होण्याआधी पेशींत जे बदल होतात ते सोनोग्राफीत दिसतच नाहीत. वर दाखवलेल्या कागदावरची एकही ओळ कॅन्सरची पूर्वसूचना नाही. कॅन्सरची खरी शंका असती तर आधी पेशींचा नमुना घ्यावा लागला असता, कारण पिशवी काढून टाकल्यावर मुखाच्या कॅन्सरचं निदान झालं तर उपचार अधिक अवघड होतात. म्हणजे भीती खोटी असेल तर ऑपरेशन अनावश्यक, आणि भीती खरी असेल तर नमुना न घेता केलेलं तेच ऑपरेशन चुकीचं.

आता दुसरं टोक. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या, बाळंतपणानंतर फारशी विश्रांती न मिळालेल्या बायकांना जे त्रास होतात त्यांची यादी केली, तर त्यातले बरेच यंत्राच्या आवाक्याबाहेरचे निघतात. अंग बाहेर येणं हा त्यातला सगळ्यात उघड. बाई टेबलावर आडवी झाली की खाली आलेलं अंग पुष्कळदा आपसूक आत सरकतं, पोटावर प्रोब फिरवून केलेल्या सोनोग्राफीत पिशवी जागच्या जागी दिसते आणि रिपोर्ट "नॉर्मल" येतो. तिला कुंथायला किंवा खोकायला सांगून बघितलं तर निदान अर्ध्या मिनिटाचं आहे. ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचं निदान आजही तपासणाऱ्याच्या बोटांवर चालतं: गर्भाशयाचं मुख हलवलं की दुखतं का, बाजूला दाबलं की दुखतं का. पहिल्या टप्प्यात सोनोग्राफी बहुतेक वेळा स्वच्छ असते, आणि ती स्वच्छ आहे म्हणून औषध थांबवलं तर पुढे बीजनलिका कायमच्या बंद होऊ शकतात. एंडोमेट्रिओसिसचंही तसंच. बीजांडकोशातली चॉकलेट सिस्ट किंवा खोलवर रुतलेला आजार चांगल्या हाताला दिसतो, पण पोटाच्या आतल्या आवरणावर पसरलेले बारीक ठिपके सोनोग्राफीतही सुटतात आणि एमआरआयमध्येही. युरोपातल्या तज्ज्ञ संघटनेच्या २०२२च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावलं आहे की चित्र स्वच्छ आलं म्हणून हा आजार नाही असं धरू नये. आपल्याकडे मूल न होण्यामागे अनेकदा दडून असणारा गर्भाशयाचा क्षयरोग घ्या. त्याचा निकाल अस्तराच्या तुकड्यावर, प्रयोगशाळेत लागतो. पाळीत लोळणाऱ्या मुलीला "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" असं सांगणारा माणूस विज्ञानाच्या बाजूने बोलतोय असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात तो यंत्राला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडी घालत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं पुण्या-मुंबईला ठीक, खेड्यात तपासायला तज्ज्ञ कुठे आहेत, निदान यंत्र तरी असू दे. या आक्षेपाला महाराष्ट्रानेच उत्तर देऊन ठेवलं आहे, तेही एकदा सोडून तीनदा. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांवरचा अभ्यास आला. त्यात ६५० स्त्रियांची तपासणी झाली, ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम आठ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीच्या प्रजनन आरोग्याकडे जगाचं लक्ष वेधणारा हा अभ्यास हकिकत, हाताची तपासणी आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्या यांवर उभा होता. दुसरं उदाहरण इंदापूरच्या शेजारचंच म्हणायला हवं, टेंभुर्णी-कुर्डुवाडीवरून बार्शी काही लांब नाही. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूच्या, चाचणीने पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. तिसरं उदाहरण मुंबईच्या झोपडवस्त्यांमधलं, दीड लाखाहून अधिक स्त्रियांचं. तिथे तपासणी डॉक्टरांनी केलीच नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली, आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या तपासणीचं साहित्य बघा: उजेड, स्पेक्युलम, कापसाचा बोळा आणि पातळ केलेलं अॅसिटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल. बोळ्याने ते मुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते डोळ्यांनी बघायचं. बस. जे चित्र लाखो रुपयांच्या यंत्राच्या पडद्यावर कधीच उमटणार नव्हतं ते मिनिटभरात समोर येतं.

तेव्हा तज्ज्ञ नाहीत म्हणून यंत्र हवं, हा युक्तिवाद उलटा आहे. सोनोग्राफी हे पूर्णपणे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असलेलं तंत्र आहे. प्रोब कुठल्या कोनात धरला, किती वेळ शोधलं, काय शोधायचं ते माहीत होतं का, यावर निकाल बदलतो. जिथे तज्ज्ञ कमी तिथे यंत्राचा भरवसा वाढत नाही, घटतो. आणि माणसं अगदीच नाहीत असंही नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय जुनं आहे, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे, उपकेंद्रांवर परिचारिका आणि गावात आशा आहेत. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अॅसिटिक अॅसिडची तपासणी व्हावी, हे केंद्राच्या कार्यक्रमात २०१६ पासून लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झाली, त्यांचं प्रमाण देशभरात दोन टक्केही भरत नाही. शिबिरात सोनोग्राफीच्या रांगेचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, कापसाच्या बोळ्याचा येत नाही. एवढ्या एका कारणाने धोरण ठरत असेल असं म्हणणार नाही, पण त्याचा वाटा शून्य आहे असंही म्हणवत नाही.

बायका तशी तपासणी करूच देत नाहीत, लाजतात, हा दुसरा आक्षेप. लाज खरी आहे. पडदा नसलेल्या खोलीत, पुरुष डॉक्टरसमोर, बाहेर सासरा बसलेला असताना कुणीही नकार देईल. पण मुंबईच्या त्या चाचणीत बोलावलेल्या स्त्रियांपैकी ८९ टक्के तपासणीला आल्या, आणि गडचिरोलीतल्या स्त्रिया तर चाळीस वर्षांपूर्वीच्या खेड्यातल्या होत्या. समजावून सांगणारी बाई असेल, आडोसा असेल, वेळ दिला असेल तर लाज आड येत नाही. खरं सांगायचं तर तपासणी टाळण्यात डॉक्टरचीही सोय असते. हातमोजे घालून, बाईला विश्वासात घेऊन तपासायला पंधरा मिनिटं लागतात, चिठ्ठी लिहून सोनोग्राफीला पाठवायला अर्धं मिनिट. लाजेचं खापर सगळं बायकांवर फोडू नये.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे: आजची यंत्रं कमी पडत असतील, उद्याची पडणार नाहीत. यंत्रं सुधारतात यात वाद नाही. पण जास्त दिसणं आणि जास्त जीव वाचणं यांत किती अंतर आहे हे बीजांडकोशाच्या कॅन्सरने दाखवून दिलं आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर २००१ पासून चाचणी सुरू झाली: एका गटाची दरवर्षी सोनोग्राफी, एका गटाची रक्तचाचणी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी, एका गटाला काहीच नाही. २०२१ मध्ये अखेरचे निष्कर्ष आले. तपासलेल्या दोन्ही गटांत या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झालेले नव्हते. अमेरिकेतल्या ७८,२१६ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये लागला तोही हाच, शिवाय तिथे नुकसानही मोजलं होतं. ३,२८५ स्त्रियांना कॅन्सर नसताना तो असण्याची शंका निघाली, त्यांतल्या १,०८० जणींची त्यासाठी शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांच्यापैकी १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. हे सगळं उत्तम यंत्रं, प्रशिक्षित हात आणि कडक देखरेख असलेल्या ठिकाणी. तक्रार नसलेल्या बाईच्या पोटात जितकं बारकाईने बघाल तितकं काहीतरी सापडणारच, आणि सापडलेलं काहीतरी तसंच सोडून द्यायचं धैर्य ना डॉक्टरला असतं ना नवऱ्याला. कृत्रिम बुद्धिमत्ता ही शोधाशोध आणखी वेगाने करील. तिला ज्या चित्रांवर शिकवलं त्यांत चट्टा नसेल, तिडीक नसेल, पाळीचा दिवस नसेल, तर हे सगळं ती आणणार कुठून?

सोनोग्राफी निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं आहे, असा अर्थ कुणी काढू नये. पाळी चुकलेली बाई पोटात कळ येऊन कोसळली तर गर्भ नळीत राहिलाय का हे बघायला या यंत्रासारखं साधन नाही, आणि ते जवळ नसेल तर जीव जातो. पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला पुन्हा अंगावर गेलं आणि अस्तर चार मिलिमीटर किंवा कमी निघालं, तर अस्तराच्या कॅन्सरची शक्यता शंभरात एकाहूनही कमी उरते. धो धो रक्तस्राव होत असेल तर फायब्रॉइड पोकळीत घुसलाय की बाहेरच्या बाजूला आहे हे पडदाच सांगतो. पन्नाशीपर्यंत बहुसंख्य स्त्रियांना लहानमोठे फायब्रॉइड झालेले असतात हे अमेरिकेतल्या पाहण्यांत दिसलं आहे, त्यामुळे नुसतं ते असणं पुरेसं नाही. या सगळ्या उदाहरणांत प्रश्न आधी आहे आणि चित्र नंतर. बाईला काय होतंय हे कुणीतरी ऐकलं, तपासलं, एक शंका धरली आणि तेवढ्यापुरतं यंत्राला विचारलं. शिबिरात रांगेने झोपवून केलेल्या सोनोग्राफीत असा प्रश्नच नसतो.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप बहुतेक वेळा खासगीत ऐकू येतो. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं, तेव्हापासून कागद लागतो. हाताच्या तपासणीचा फोटो निघत नाही, सोनोग्राफीचा निघतो, उद्या कोर्टात तोच वाचवेल. कागदाची गरज समजू शकते. पण कोर्टात नुसता कागद वाचवत नाही. २००८ च्या एका निकालात, निदानासाठी दुर्बिणीची तपासणी करायला बेशुद्ध केलेल्या स्त्रीची पिशवी आणि बीजांडकोश तिच्या स्वतःच्या संमतीवाचून काढल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरला दोषी धरलं. तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणं शक्य असताना नातेवाइकाची सही चालत नाही, हे त्यात ठळकपणे आलं. शिवाय एका बाबतीत या यंत्रावर कायद्याची करडी नजर आहेच. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा आला, प्रत्येक यंत्राची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म एफ, चूक झाली की यंत्र सील. पोटातल्या मुलीसाठी ही खबरदारी हवीच होती. त्याच यंत्राच्या एका ओळीवरून तिच्या आईची पिशवी जाते तेव्हा मात्र कुठलाच फॉर्म आड येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप बायकांच्या बाजूने येतो, आणि तो झटकून टाकता येत नाही. ऊसतोडणीला आलेल्या बाईला पाळीच्या दिवसांत ना आडोसा मिळतो ना पाणी, एक दिवस कामावर गेलं नाही तर खाड्याचे पैसे कापले जातात, उचल फिटायची असते. मुलं झालीत, पिशवीचा आता त्रासच आहे, काढून टाकते असं ती स्वतः म्हणते. तिचा निर्णय चूक ठरवणारे तुम्ही कोण? मी तिचा निर्णय चूक म्हणत नाही. पण तो कशावर उभा आहे ते बघायला हवं. तिला सांगितलेलं असतं की कॅन्सर होईल. बीजांडकोशही काढले तर तिशीतच पाळी जाण्याचे सगळे परिणाम अंगावर येतील, हाडं ठिसूळ होतील, हृदयविकाराचा धोका वाढेल, आणि बीजांडकोश ठेवले तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं, हे कुणी सांगितलेलं नसतं. पांढरं जाण्यावर आठवड्या-दोन आठवड्यांच्या गोळ्या पुरल्या असत्या, रक्तस्रावावर गोळ्या किंवा हार्मोनची तांबी चालली असती, हेही तिच्या कानावर गेलेलं नसतं. आणि ज्या कंबरदुखीसाठी ती आली होती ती मोळ्यांमुळे असेल तर पिशवी गेल्यावरही राहते. खोट्या भीतीपुढे केलेल्या निवडीला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर म्हणा. खाडा माफ करणं आणि फडाजवळ संडास बांधणं हे कारखान्यांच्या आणि मुकादमांच्या हातात आहे. ते होत नाही म्हणून शरीराचा अवयव कमी करायचा, यात वैद्यकशास्त्राने साक्षीदार म्हणून सही करू नये.

बीडच्या प्रकरणानंतर त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना गर्भपिशवी काढण्याआधी सरकारी आरोग्य यंत्रणेची परवानगी सक्तीची झाली. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शिका सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावी असा आदेश दिला. दोन्ही पावलं चांगलीच. पण परवानगी मागणाऱ्या अर्जासोबत पुरावा म्हणून काय जोडायचं, इथे सगळा प्रश्न अडतो. "बल्की युटेरस" लिहिलेला सोनोग्राफीचा कागद जोडला आणि तो बघून शिक्का मिळाला, तर जुनीच चूक एका कार्यालयाच्या मोहोरेसह होते. अर्जात वेगळ्या गोष्टी मागायला हव्यात: स्पेक्युलम लावून कुणी, कधी तपासलं, अॅसिटिक अॅसिड किंवा एचपीव्हीची चाचणी झाली का, चाळिशी ओलांडलेल्या बाईला रक्तस्राव असेल तर अस्तराचा नमुना घेतला का, औषधाने किती महिने उपचार करून पाहिले, हिमोग्लोबिन किती आहे. यांतली बहुतेक उत्तरं बारामती आणि इंदापूरच्या सरकारी रुग्णालयांत मिळू शकतात, त्यासाठी नवं यंत्र घ्यायला नको. बीडची बाई हंगामाचे पाच-सहा महिने पुणे जिल्ह्यात असते, त्यामुळे बीडपुरता नियम तिला निम्मं वर्षच पुरतो. उरलेलं निम्मं वर्ष कुणाचं, हे पुणे जिल्हा परिषदेने आणि या पाच कारखान्यांनी पुढच्या गाळपाची मोळी टाकण्याआधी ठरवावं.